मोगऱ्याच्या कुंडीतला पांढरा

बांना चित्रकलेच्या वर्गात मीच घातलं. म्हणून नंतर जे काही झालं त्याबद्दल मला बोलायला तोंडच नाही, असं केयूरचं म्हणणं. केयूर माझा नवरा. नंतर जे झालं त्यात त्याचा स्वतःचा हात किती होता ते ऐकलंत की त्याच्या म्हणण्याला किती किंमत द्यायची ते कळेल.

बा म्हणजे माझ्या सासूबाई, मुक्ताबेन पारेख. सत्तरी ओलांडलेली. भावनगरात लग्न होऊन आल्या तेव्हापासून हवेलीत, म्हणजे वैष्णवांच्या कृष्णमंदिरात, ठाकोरजींचं दर्शन जितक्या वेळा उघडेल तितक्या वेळा चालत जायच्या. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी हवेलीच्या पायऱ्या बंद केल्या. घरातल्या ठाकोरजींची सेवा सकाळी आटोपली की बा मोकळ्या. मोकळ्या म्हणजे स्वयंपाकघरात. स्टूल ओढायचं, मांडीवर मेथी नाहीतर गवार घ्यायची आणि निवडता निवडता माझ्याकडे बघत राहायचं. बोलायच्या काही नाहीत. बोलल्या असत्या तर मी उत्तर तरी दिलं असतं. मी डाळीला फोडणी देतेय, बा बघतायत. मी रोटली लाटतेय, बा बघतायत. माझी मुलगी अहमदाबादला शिकायला गेलेली, केयूर दिवसभर दुकानात, आणि घरात मी आणि माझ्या पाठीवरची ती नजर. मी अगदी कावून गेले होते.

तेवढ्यात कळलं की तखतेश्वरच्या उतारावर जिगीषा नावाची मुलगी बडोद्याला शिकून परत आली आहे आणि आपल्या गॅरेजमध्ये दर शनिवारी मोठ्या माणसांना चित्रं शिकवते. मी बांचं नाव घातलं. माझ्या डोळ्यांसमोर मोर होता, कमळ होतं, फार तर गायीला टेकून उभा असलेला कन्हैया. आठवडाभर टेबलाशी बसून रंगवतील आणि मी सुखाने स्वयंपाक करीन, एवढाच माझा स्वार्थ.

पहिल्याच शनिवारी जिगीषाने सगळ्यांच्या रंगपेट्या काढून घेतल्या. मी बांना नवीकोरी पेटी आणून दिली होती, तीसुद्धा. म्हणाली, रोज जे दिसतं ते काढायचं, आणि त्याचा रंगही तिथेच शोधायचा. कोळसा, खडू, कापड, कागद, मसाला, माती, ज्यात तो रंग असेल ते घ्या आणि एकाच कागदावर लावा. तिने त्याला मिश्र माध्यम असं भारदस्त नाव दिलं. बा घरी आल्या आणि म्हणाल्या, आम्हाला भेळ करायची आहे.

पहिल्या आठवड्यात हळद गेली, त्याचं मला काही वाटलं नाही. मग चहाचा चोथा पंख्याखाली वाळायला लागला. मग कांद्याची सालं. मी फेकलेली सालं बा कचऱ्यातून परत काढायच्या, उकळायच्या आणि त्या पाण्यात कागद बुडवून माझ्या कपड्यांच्या दोरीवर, माझ्या ओढण्यांच्या शेजारी टांगायच्या. गोंद खलबत्त्यात कुटला जायचा आणि नंतर मी आलं कुटायला गेले की बत्ता वर येताना खल सोबत घेऊन यायचा. फ्रिजमध्ये वाट्या जमायला लागल्या. एका वाटीत कडुनिंबाचा पाला वाटून, गोंद घालून ठेवला होता. केयूरने तो सकाळी थेपल्याला लावून खाल्ला. दुसरा घास घेईपर्यंत त्याला कळलंही नाही, हिरवी चटणी कडू झालीय म्हणून तो माझ्यावरच चिडला. बा मात्र वाटीकडे बघत म्हणाल्या, की आता खिडकीबाहेरच्या झाडाला पुरणार नाही.

केयूरचं अलंगच्या रस्त्यावर दुकान आहे, भंगारात निघालेल्या जहाजांतल्या सामानाचं. खुर्च्या, आरसे, कपबश्या, केबिनची दारं. आमच्या घरातल्या अर्ध्या वस्तू कुठल्यातरी समुद्रावरून फिरून आलेल्या आहेत. एका रविवारी बा म्हणाल्या, मला दुकान दाखव. केयूर खूश झाला, आईला दुकान बघावंसं वाटलं म्हणून. बांनी तिथे जाऊन एका लोखंडी दाराचे पापुद्रे नखाने काढले. एकावर एक चढवलेले रंग होते, वर करडा, खाली निळा, त्याच्या खाली पिवळा, आणि त्या पापुद्र्यांची पुडी बांधून घरी आणली. दार त्याच दिवशी एका हॉटेलवाल्याला द्यायचं ठरलं होतं. त्याने ओरबाडलेलं दार बघितलं आणि तो निघून गेला. केयूर घरी येऊन माझ्यावर करवादला, की तुझ्या वर्गापायी हे. माझा वर्ग. मी काय गॅरेज उघडून बसले होते?

पण हे सगळं परवडलं, असं वाटायला लावलं ते पांढऱ्याने.

बांनी मोठ्या चित्राला हात घातला होता. काय काढतायत ते दाखवायच्या नाहीत. जहाजावरच्या एका टेबलाचा पातळ फळा होता, त्यावर कागद चिकटवून त्या आपल्या खोलीत काम करायच्या आणि मी गेले की फळा भिंतीकडे फिरवायच्या. मला इतकंच समजलं, की बाकी सगळं जमत आलंय आणि पांढरा जमत नाहीये. आधी तांदळाची पेज झाली. मग खडू. मग पानवाल्याकडून चुना आणला, त्याने बोटं सोलवटली. मग मैदा. मैद्याला सोनकिडे लागले आणि ते बांच्या खोलीतून माझ्या डब्यांपर्यंत पोहोचले. मला अख्खं कपाट उन्हात घालावं लागलं. मग टाल्कम पावडर, मग दुधाच्या पिशवीचा आतला भाग. एकदा दही लावून बघितलं. त्याचं काय झालं ते सांगत नाही, खोली मी पुसली.

शेवटी माझा धीर सुटला. मी म्हटलं, "बा, पांढरा म्हणजे पांढरा. त्यात एवढं काय शोधायचंय?"

बांनी मला हाताला धरून खिडकीशी नेलं. चुना, खडू, पेज, पावडर, सगळ्यांचे ठिपके एका पुठ्ठ्यावर ओळीने लावले होते. तो पुठ्ठा त्यांनी भिंतीला लावला, जिथे सकाळचं ऊन पडतं तिथे. भिंत मीच पांढरी म्हणून रंगवून घेतली होती. पुठ्ठ्याशेजारी ती पांढरी दिसेना. चुना निळसर दिसत होता, पेज मळकट, पावडर तर अगदीच मेलेली. भिंतीचा रंग यांपैकी कशातच नव्हता, आतून किंचित गुलाबी असावा तसा होता. मला ते दिसलं. दिसलं म्हणून अजूनच राग आला, कारण पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या होत्या.

मग एके दिवशी शोध थांबला. बांनी काही मागितलं नाही, काही सांडलं नाही, दुपारभर खोलीत शांत बसून राहिल्या. मी देवाचे आभार मानले आणि का, ते विचारलं नाही.

इथे केयूरचं सांगायला हवं. त्याला दिवाळीच्या आधी साखर निघाली होती. दुकानाशेजारच्या व्यायामशाळेतल्या मुलाने त्याच्या डोक्यात भरवलं, की तळलेले गांठिया सोड आणि रोज दोन अंडी खा. आमच्या घरात कांदा-लसूणसुद्धा ठाकोरजींच्या भोगाच्या वेळी शिवायचा नाही, आणि हा माणूस वरच्या खोलीत दार लावून, जहाजावरच्या चहाच्या किटलीत अंडी उकडायचा. देशी, बदामी रंगाची. डब्यातून लपवून आणायचा. मला कळलं तेव्हा मी त्याला सांगितलं, बाहेर हातगाडीच्या लारीवर जाऊन खा, मी डोळे मिटते, पण घरात नको. तो म्हणाला, बाहेर कुणी बघितलं तर बांच्या कानावर जाईल. टरफलांचं काय करतोस म्हणून विचारलं, तर म्हणाला, त्याची व्यवस्था केली आहे. मला वाटलं, पिशवीत घालून दुकानात नेत असेल. मी त्यातून अंग काढून घेतलं. एकीला पांढरा हवा, एकाला पिवळा, आणि मध्ये मी, असं नव्हतं मला व्हायचं.

थंडी सरता सरता जिगीषाने वर्गाचं प्रदर्शन ठरवलं, आमच्याच ज्ञातीच्या सभागृहात, वाडीत. म्हणजे लग्नाला, बारशाला आणि मयतानंतरच्या उठमण्याला येणारी सगळी माणसं आपोआप येणार. संध्याकाळी हवेलीचे मुख्य पुजारी, मुखियाजी, दिवा लावायला येणार होते. आम्ही दुपारीच गेलो. बांनी नवं नेसलं होतं आणि त्यांचा हात माझ्या दंडावर जरा जास्तच घट्ट होता.

त्यांचं चित्र दारासमोर लावलेलं होतं, आणि ते मी पहिल्यांदा तिथे बघितलं.

आमचं स्वयंपाकघर. ओटा चहाच्या पाण्याचा आणि कोळशाचा. खिडकीबाहेरचा कडुनिंब केयूरच्या थेपल्यावरून वाचलेला. शेगडीखाली अलंगच्या दाराचा गंज. आणि ओट्यापाशी पाठमोरी एक बाई, माझ्या निळ्या कुर्त्याच्या कापडाची. तो कुर्ता मी दोन महिने शोधत होते. धोब्याशी भांडले होते. बाईचा एक खांदा थोडा खाली झुकलेला, लाटताना माझा झुकतो तसा, वेणीतून सुटलेले केस काळ्या दोऱ्याचे. तिच्या खांद्यापासून भिंतीपर्यंत सकाळचं ऊन आलं होतं आणि ते ऊन खरोखर उजळत होतं. लहान लहान तुकडे एकमेकांना लागून बसवलेले, बाहेर आलेले, किंचित वळलेले, त्यामुळे प्रत्येकाची एक कड चमकत होती. भिंतीचा रंग होता तो. बांनी शोधून काढला होता.

मी आणखी जवळ गेले. एका तुकड्याच्या कडेला पातळ पापुद्रा सुटला होता. आणि मला कळलं ते काय आहे.

मी वळून केयूरकडे बघितलं. त्याचाही चेहरा उतरला होता. मी त्याला खांबाआड ओढून विचारलं, कुठे टाकत होतास? तो म्हणाला, गच्चीत मोगऱ्याच्या कुंडीत, खत म्हणून, झाडाला चांगलं असतं. म्हणजे दोन महिने पाणी घालून आणि ऊन दाखवून त्याने ती बांसाठी धुऊन ठेवली होती. डॉक्टरांनी हवेलीच्या उंच पायऱ्या बंद केल्या असल्या तरी गुडघ्याच्या व्यायामासाठी घरचा जिना कठडा धरून चढायला सांगितलं होतं, आणि बा कांद्याची सालं वाळत घालायला रोज गच्चीत जायच्या.

मी जिगीषाला गाठलं आणि म्हटलं, ते चित्र आत्ताच्या आत्ता उतरव. तिने माझ्याकडे आश्चर्याने बघितलं. तिला ठाऊक होतं. तिने बांना विचारलंही होतं, हे कुठून आणलंत म्हणून, आणि बा म्हणाल्या होत्या, घरचंच आहे, कुंडीतलं. "मला वाटलं तुमच्या घरात चालत असेल," ती म्हणाली. "मी तर मुक्ताबांच्या धिटाईचं वर्गात कौतुक केलं." मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. वैष्णवाच्या घरातली, गळ्यात तुळशीची कंठी घातलेली बाई, आणि हिला धिटाई दिसली.

आम्ही दोघी वळलो तोवर उशीर झाला होता. चित्रासमोर लाभुबेन उभ्या होत्या. लाभुबेन बांची जुनी मैत्रीण, हवेलीच्या कीर्तन मंडळात पुढे बसणारी, आणि चष्मा न लावता सगळं दिसणारी. त्या बांना विचारत होत्या, की हे काय लावलंयस, शिंपले आहेत का. बा म्हणाल्या, कुणास ठाऊक काय आहे, मला वाटलं जुना गिलावा असेल, पण रंग बघ. लाभुबेननी एक कोपरा बोटाने दाबला. तुकडा कडकन तुटला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि हात झटकला.

"मुक्ता," त्या म्हणाल्या, "ही अंड्याची टरफलं आहेत."

त्या हळू बोलल्या होत्या, पण आजूबाजूच्या बायकांचं बोलणं थांबलं. बांनी केयूरला नाही, मला विचारलं.

"फाल्गुनी, खरं आहे?"

मी केयूरकडे बघितलं. तो छताच्या पंख्याकडे बघत होता. जन्मभर या मायलेकरांच्या मध्ये मी उशी होऊन राहिले. मला त्या क्षणी इतका वैताग आला, की मी म्हटलं, "हो बा. तुमच्या मुलाला विचारा."

केयूर बोलला एकदाचा. साखर, व्यायामशाळेतला मुलगा, वरची खोली, किटली, सगळं. मान खाली घालून, शाळेत उभं केल्यासारखं. बांनी ऐकून घेतलं. लाभुबेन म्हणाल्या, मुखियाजी यायच्या आत ते उतरवा. जिगीषाने चित्र उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. बा म्हणाल्या, घरी चला. रिक्षात त्या दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसल्या होत्या, कशालाही लागू नयेत असे.

घरी आल्यावर त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली. बांगड्या घासल्या, चष्मा घासला. आणि देवघराच्या दाराशी येऊन थांबल्या. त्याच हातांनी महिनाभर ठाकोरजींना जागवलं होतं, देवाचे कपडे, वाघे, नेसवले होते, भोग धरला होता. त्या उंबरठा ओलांडेनात. मला म्हणाल्या, लाभुला फोन कर. तासाभरात लाभुबेन आल्या आणि सेवेत खंड नको म्हणून ठाकोरजींना झारी, गादी, वाघ्यांच्या पेटीसह आपल्या घरी घेऊन गेल्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्या कोनाड्यात कधी अंधार बघितला नव्हता.

पुढचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. बा जेवायच्या, औषध घ्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. केयूरने ती किटली नेऊन भंगारात टाकली, जणू गुन्हा किटलीने केला होता, आणि मोगऱ्याची कुंडीही बाहेर काढायला निघाला. मी म्हटलं, झाडाने तुझं काय घोडं मारलंय? तो मला म्हणाला, तू तेव्हा गिलावा म्हणाली असतीस तर चाललं असतं. त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. म्हणजे घरात आता कुणीच कुणाशी बोलत नव्हतं, आणि मला सगळ्यात राग या गोष्टीचा येत होता, की स्वयंपाक करताना मी सारखी मागे वळून बघत होते. स्टूल रिकामं होतं.

मग बांनी स्वतःच मुखियाजींना फोन लावला. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. ते म्हणाले, अजाणता झालं, स्नान झालं, कंठी बदला, नामजप करा आणि ठाकोरजींना घरी आणा. फक्त ती वस्तू ठाकोरजी बसतात त्या घरात नको. फोन ठेवल्यावर मी विचारलं, की केयूरच्या खाण्याचं काय म्हणाले. बा म्हणाल्या, ते मी विचारलंच नाही, त्याचं त्याने विचारावं.

दुसऱ्या दिवशी जिगीषा आली. बिचारी रडवेली झाली होती. तिने एक तोडगा काढला होता. ती टरफलं खरवडून काढायची आणि त्या जागी प्लास्टर ऑफ पॅरिसचे तुकडे बसवायचे. रंग ती जुळवून देणार होती, तिने नमुनेही करून आणले होते. मग चित्र घरीही येईल, प्रदर्शनातही परत लागेल, कुणाची हरकत नाही. मला एकदम पटलं. इतक्या दिवसांत कुणीतरी शहाण्यासारखं बोललं होतं.

आम्ही तिघी वाडीत गेलो. दुपारची वेळ, प्रदर्शन बघायला कुणी नव्हतं. जिगीषाने चित्र खुर्चीवर उभं केलं, हातात पातळ सुरी घेतली आणि कोपऱ्यातला एक भाग काढून तिथे प्लास्टरचा नमुना ठेवला. छान जुळवला होता. मी म्हटलं, बा, काही कळत नाही, एकसारखं दिसतंय.

बा चित्राला हात न लावता समोर बसल्या होत्या. मग म्हणाल्या, नमुना काढ. जिगीषाने काढला. म्हणाल्या, परत ठेव. ठेवला.

"हे ठेवलं की ती इस्पितळात उभी असल्यासारखी दिसते," बा म्हणाल्या. "सकाळी माझी वहू अशी दिसत नाही."

मी म्हटलं, "बा, दिसू दे कशीही. माझी काही हरकत नाही. घरात ठाकोरजी येतील, चित्र येईल, विषय मिटेल."

"ठाकोरजी येतीलच. मी न्हायले, कंठी बदलली. माझे हात धुऊन झाले." त्या जिगीषाकडे वळल्या. "ही सुरी ठेव. चित्र जसं आहे तसं राहील. घरी नाही येणार, एवढंच."

मी त्यांना खूप समजावलं. म्हटलं, सहा महिने खपलात, तुमच्या भिंतीवर नाही लागलं तर उपयोग काय? लोक काय म्हणतील ते वेगळंच. त्या म्हणाल्या, लोकांना जे म्हणायचं ते त्यांनी म्हणून झालंय. आणि भिंत काय, ती तर मी रोज बघते. या हट्टापुढे मी काय बोलणार? उठले आणि रिक्षा बघायला गेले. पण खरं सांगायचं तर जिन्यात थोडा वेळ उभी राहिले. इतके दिवस मला वाटत होतं, त्या माझ्या चुका मोजतायत.

संध्याकाळी बांनी केयूरला समोर बसवलं. मला वाटलं आता शपथा होतील, रडारड होईल. बांनी त्याला आधी साखर किती आहे ते विचारलं, मग पुढच्या तपासणीची तारीख. मग म्हणाल्या, "तुझं शरीर तुझं. खायचं तर बाहेर खा. पण माझ्यापासून लपवून काही आणू नकोस, मी जे सापडेल ते हातात घेते." केयूरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने विचारलं, चित्राचं काय करायचं. त्या म्हणाल्या, तुझ्या दुकानात लाव, तुझ्या टेबलासमोर.

तिथे ते आता लागलं आहे, कपबश्यांच्या कपाटाशेजारी. गिऱ्हाइकं किंमत विचारतात आणि केयूरला प्रत्येकाला सांगावं लागतं, की विकायचं नाही. कुणी कुणी विचारतं, हे पांढरं काय आहे, तेव्हा तो चहा सांगायला उठतो. मी अधूनमधून जाते. बांना एकदा म्हटलं, माझी पाठ फार रुंद काढलीत. त्या म्हणाल्या, आहे तशी काढली.

कंठी बदलल्याच्या दुसऱ्या सकाळी लाभुबेन ठाकोरजींना घेऊन आल्या. बांनी दिवा लावला, मंगलभोग धरला, आणि दोघी मैत्रिणींनी मिळून पद म्हटलं, लाभुबेन नेहमीप्रमाणे अर्धा सूर वर. माझी समजूत होती, की आता लाभुबेन चित्रकलेचं नाव काढणार नाहीत. त्यांनी चहा पिता पिता बांना विचारलं, की त्या मुलीचा वर्ग अजून चालू आहे का, आणि गुडघेदुखी असली तरी घेते का.

आता शनिवारी दोघी एकाच रिक्षाने जातात. परत येताना रिक्षावाल्याला रस्त्यात दोनदा थांबवतात, एकदा विटांचा चुरा दिसला म्हणून आणि एकदा तो कसला निळा आहे त्यावर भांडायला. परवा लाभुबेनच्या सुनेचा, तृप्तीचा, मला फोन आला. सासूबाईंनी लग्नातल्या बांधणीची किनार कापली होती आणि मसाल्याचा डबा खोलीत नेला होता. ती रडकुंडीला आली होती. विचारत होती, की हे कधी थांबतं, तुम्ही कसं सहन करता. कणीक मळता मळता मी फोन खांद्याने धरला होता. मला काही युक्ती माहीत असती तर मीच नसती का वापरली? मी तिला इतकंच सांगितलं, की तांब्याचा हंडा सध्या चिंचेने घासू नकोस. दोघी मिळून त्याच्यावरच्या हिरव्यावर टपल्या आहेत, आणि तो घासून टाकलास तर आठवडाभर ऐकून घ्यावं लागेल.